गाडी चालते, पण तिची नोंदणी चालू आहे का?

पुणे, प्रतिनिधी -

नवी गाडी दारात आली, की पहिल्या दिवशी हार, नारळ, पेढे असे सारे सोपस्कार यथासांग पार पडतात. कागदपत्रे मात्र एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जातात आणि पिशवी कपाटाच्या खणात. विम्याची मुदत संपत आली, की विमा कंपनीचा संदेश येतो. पीयूसी संपल्याची जाणीव चौकातला पोलीस करून देतो. नोंदणीच्या मुदतीची आठवण करून देणारे बहुधा कोणीच नसते. पंधरा वर्षे निघून जातात, गाडी पहिल्याच किकला सुरू होत असते, आणि एके दिवशी अपघात घडतो, गाडी चोरीस जाते किंवा ती विकायला काढली जाते. त्या दिवशी पिशवी उघडल्यावर कळते, की नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे. कधी तर नोंदणी प्रमाणपत्रच पिशवीत सापडत नाही.

नोंदणीचे नूतनीकरण, हरवलेल्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत आणि हरवलेली क्रमांकाची पाटी ही तीनही कामे आरटीओशी निगडित असली, तरी त्यांचे नियम, नमुने आणि क्रम वेगवेगळे आहेत. त्यांची गल्लत झाल्याने पुष्कळ वाहनधारकांचे हेलपाटे वाढतात. म्हणून या तिन्हींचा हा उलगडा.

पंधरा वर्षे कोठून मोजायची?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी वापराच्या, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'बिगर परिवहन' वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र ते दिल्याच्या तारखेपासून पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर त्याचे नूतनीकरण करता येते आणि प्रत्येक नूतनीकरण पाच वर्षांसाठी असते. टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, ट्रक, बस या परिवहन वाहनांचे शास्त्र वेगळे आहे. त्यांची नोंदणी कलम ५६ खालील योग्यता प्रमाणपत्राशी बांधलेली असते. ते प्रमाणपत्र संपले, की नोंदणीही वैध मानली जात नाही. या लेखातील विवेचन मुख्यत्वे घरगुती दुचाकी आणि मोटारींपुरते आहे.

पंधरा वर्षांचा हिशेब करताना दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे गाडीच्या उत्पादनाच्या महिन्यापासून मोजणे. दुसरी त्याहून सार्वत्रिक आहे. जुनी गाडी विकत घेणारा मनुष्य आपल्या नावावर गाडी झाल्याच्या दिवसापासून पंधरा वर्षे धरतो. वास्तविक मालक बदलला म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही. २०११ मध्ये प्रथम नोंदवलेली मोटार आपण २०२० मध्ये घेतली असली, तरी तिची नोंदणी २०२६ मध्येच संपते. प्रमाणपत्रावर नोंदणीच्या वैधतेची तारीख छापलेली असते. ती पाहून घेणे हाच खात्रीचा मार्ग. प्रमाणपत्र हाताशी नसल्यास केंद्र सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर किंवा 'एम-परिवहन' या मोबाइल अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून ही तारीख पाहता येते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पंधरा वर्षे झालेली गाडी भंगारातच द्यावी लागते, असे अनेकांना वाटते. दिल्ली व तिच्या परिसरातील जुन्या गाड्यांविषयी न्यायालयांनी दिलेल्या आदेशांच्या बातम्यांमुळे हा समज पसरला. महाराष्ट्रात खासगी गाडीवर निव्वळ वयामुळे अशी बंदी नाही. गाडी सुस्थितीत असेल आणि तपासणीत उत्तीर्ण होत असेल, तर तिची नोंदणी पुन्हा होऊ शकते. सरकारी मालकीच्या वाहनांची गोष्ट निराळी आहे. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद करण्यात आले.

मुदत संपल्यावर काय होते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ या बाबतीत स्पष्ट आहे. मुदत संपल्यानंतर गाडी विधिवत नोंदलेली मानली जात नाही आणि नूतनीकरण होईपर्यंत ती सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. याचा अर्थ असा, की मुदत संपलेली आणि कधीच न नोंदलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने जवळपास एकाच पंक्तीत बसतात. विनानोंदणी वाहन चालवल्यास कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन हजार ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास पाच हजार ते दहा हजार रुपये दंड, एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दंडापेक्षाही मोठा धोका विम्याचा आहे. हप्ता भरला म्हणजे भरपाई मिळणारच, अशी आपली समजूत असते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेला एक निकाल या समजुतीला धक्का देणारा आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली आणि कायम नोंदणी न झालेली एक मोटार परगावी चोरीस गेली. विमा चालू होता. तरीही, वैध नोंदणी नसताना गाडी वापरणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सांगून न्यायालयाने विमा कंपनीचा भरपाई नाकारण्याचा निर्णय ग्राह्य धरला. त्या प्रकरणात नोंदणी तात्पुरती होती, हे खरे. परंतु वैध नोंदणीविना गाडी रस्त्यावर आणण्याचे जे तत्त्व त्यात मांडले गेले, ते पंधरा वर्षांची मुदत उलटलेल्या गाडीच्या मालकालाही विचारात घ्यावे लागेल. लाखो रुपयांची गाडी काही हजारांच्या नूतनीकरणासाठी पणाला लावण्यात शहाणपण नाही.

अर्ज केव्हा आणि कसा करावा?

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये करायचा असतो आणि तो मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो. हे साठ दिवस महत्त्वाचे आहेत. नूतनीकरणासाठी गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. मुदत संपल्यावर तीच गाडी रस्त्यावर आणायची मनाई असते. काटेकोर अर्थाने पाहिले, तर ती आरटीओपर्यंत चालवत नेणेही नियमात बसत नाही. टोइंगच्या गाडीवर चढवून न्यावी लागेल. मुदतीच्या आत जाणाऱ्याला हा पेच पडत नाही.

प्रक्रियेचा क्रम साधारण असा असतो. प्रथम विमा आणि पीयूसी चालू करून घ्यावेत, कारण त्यांच्याविना पुढचे पाऊल पडत नाही. थकीत ई-चलन असेल तर ते भरावे. मग 'परिवहन' संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे अखेरचे आकडे देऊन अर्ज भरावा, शुल्क भरावे आणि तपासणीची वेळ घ्यावी. येथे अनेकांचे घोडे पेंड खाते ते मोबाइल क्रमांकापाशी. संगणकीय नोंदीत जो मोबाइल क्रमांक आहे त्यावरच ओटीपी येतो. पंधरा वर्षांपूर्वी दिलेला क्रमांक आज बहुधा बंद झालेला असतो. काही वेळा तो विक्रेत्याचाच असतो. त्यामुळे मोबाइल क्रमांक अद्ययावत करणे हे पहिले काम समजावे.

तपासणीला जाताना मूळ नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, पॅन, कर भरल्याच्या पावत्या, अर्जाची व शुल्काच्या पावतीची छापील प्रत आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा बरोबर ठेवावा. निरीक्षक प्रथम चेसिस आणि इंजिन क्रमांक नोंदीशी ताडून पाहतात. त्यानंतर दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक, टायर, आरसे यांची पाहणी होते. गाडीचा रंग बदललेला असेल, इंजिन बदललेले असेल किंवा सीएनजी किट बसवले असेल आणि त्याची नोंद प्रमाणपत्रावर नसेल, तर अडचण येते. गंजामुळे चेसिस क्रमांक वाचता न येणे, ही जुन्या दुचाकींची नेहमीची दुखरी जागा. तपासणीच्या आदल्या दिवशी तो भाग स्वच्छ करून घेतला, तर एक फेरी वाचते.

खर्चाचा हिशेब

केंद्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून जुन्या वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढवले. पंधरा वर्षे पूर्ण केलेल्या दुचाकीसाठी ते एक हजार रुपये आणि मोटारीसाठी पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या वाहनांसाठी आणखी एक पायरी आणली. अशा दुचाकीला दोन हजार आणि मोटारीला दहा हजार रुपये शुल्क ठरले. आयात केलेल्या गाड्यांचे दर याहून पुष्कळ अधिक आहेत. प्रमाणपत्र स्मार्ट कार्डाच्या स्वरूपात मिळते, त्याचे दोनशे रुपये वेगळे.

उशीर केल्यास दुचाकीला दरमहा तीनशे आणि इतर खासगी वाहनांना दरमहा पाचशे रुपये जादा भरावे लागतात. महिन्याचा काही भाग उलटला, तरी तो पूर्ण महिना धरला जातो. एक उदाहरण घेऊ. एका मोटारीची नोंदणी १४ मे रोजी संपली आणि मालकाने पुढील वर्षी १ मार्चला अर्ज केला. नऊ महिने पूर्ण होऊन दहावा सुरू असल्याने दहा महिन्यांचे पाच हजार रुपये लागतील. मूळ शुल्क पाच हजार, विलंबाचे पाच हजार आणि कार्डाचे दोनशे, अशी ही रक्कम दहा हजार दोनशेवर जाते. दहा महिन्यांचा आळस मूळ शुल्काएवढा महाग पडला. दुचाकीच्या बाबतीत तर प्रमाण आणखी विषम आहे. मूळ शुल्क एक हजार आणि दहा महिन्यांच्या विलंबाचे तीन हजार.

याशिवाय महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण कर आहे. खासगी वाहनाला पंधरा वर्षे झाली, की तो पाच वर्षांसाठी एकरकमी भरावा लागतो. वाहनाचा प्रकार आणि इंधन यांनुसार रक्कम ठरते. नोंदणीच्या वेळी एकदाच भरलेला रस्ता कर 'आजीवन' असल्याने आता काहीच देणे नाही, असे म्हणणाऱ्यांना हा कर ऐन वेळी ठाऊक होतो. शुल्काचे व कराचे दर अधूनमधून बदलतात. म्हणून कोणी सांगितलेल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा संकेतस्थळ आपल्या गाडीसाठी जी रक्कम दाखवते, तीच प्रमाण मानावी.

आरसी हरवली तर?

काही देशांत गाडीच्या मालकीचा दाखला आणि नोंदणीचा दाखला असे दोन वेगळे कागद असतात. आपल्याकडे मालकीसाठी असा स्वतंत्र दस्तऐवज नाही. कायद्याने 'मालक' या शब्दाची व्याख्याच मुळी, ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे ती व्यक्ती, अशी केली आहे. त्यामुळे ज्याला आपण आरसी बुक म्हणतो, ते हरवणे ही किरकोळ बाब नव्हे.

नियम ५३ नुसार दोन गोष्टी कराव्या लागतात. प्रमाणपत्र जेथे हरवले त्या हद्दीतील पोलीस ठाण्यात खबर द्यायची आणि नोंदणी प्राधिकाऱ्याला लेखी कळवायचे. त्यानंतर नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीसाठी अर्ज करायचा. पोलिसांकडे जाण्याचा अनेकांना कंटाळा येतो. परंतु ही खबर केवळ सोपस्कार नाही. हरवलेल्या प्रमाणपत्राच्या आधारे कोणी गाडीचा व्यवहार केला, ते गहाण टाकले किंवा चोरीच्या गाडीला तुमची ओळख चिकटवली, तर 'हे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून माझ्याकडे नव्हते' हे सांगणारा तुमच्या हातातील कागद तोच असतो.

हरवणे आणि चोरीस जाणे यांत फरक आहे. प्रमाणपत्र कोठे पडले ते कळत नसेल, तर पोलिसांकडे 'गहाळ' अशी नोंद होते. पर्स, बॅग किंवा गाडीच चोरीस गेली असेल आणि त्यात प्रमाणपत्र असेल, तर तो गुन्हा आहे आणि त्याची रीतसर फिर्याद नोंदवायला हवी. दोन्हींपैकी जे घडले असेल, तेच खरे सांगावे. लवकर सुटका व्हावी म्हणून चोरीला 'गहाळ' म्हटले, तर पुढे विमा किंवा न्यायालयाचा प्रश्न उद्भवल्यास तेच विधान आपल्या विरोधात जाऊ शकते.

प्रमाणपत्र फाटले, भिजले किंवा त्यावरील अक्षरे पुसली गेली असतील, तर पोलिसांकडे जाण्याचे कारण नाही. नमुना २६ मध्येच अशा प्रमाणपत्राची सोय आहे. खराब झालेली प्रत अर्जाला जोडायची आणि नवी घ्यायची. याच अर्जात आणखी एक प्रतिज्ञा करावी लागते. या वाहनाची नोंदणी निलंबित किंवा रद्द झालेली नाही आणि सांगितलेली परिस्थिती सत्य आहे, असे मालकाने लिहून द्यायचे असते. म्हणून सही करण्याआधी अर्ज वाचावा, इतरांनी भरून दिलेला असल्यास तर अवश्य वाचावा.

दुय्यम प्रतीचे शुल्क नवीन नोंदणीच्या शुल्काच्या निम्मे असते. दुचाकीचे नोंदणी शुल्क तीनशे रुपये असल्यास दुय्यम प्रतीला दीडशे, अधिक स्मार्ट कार्डाचे दोनशे. गाडीची तपासणी बहुधा लागत नसल्याने आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या अर्ज करण्याची सोय आहे. नवे कार्ड टपालाने नोंदीतील पत्त्यावर येते. घर बदलले असेल आणि पत्ता जुनाच राहिला असेल, तर ते परत जाते. वास्तविक पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत कळवणे कलम ४९ नुसार बंधनकारक आहे. त्याकडे केलेले दुर्लक्ष अशा वेळी अंगाशी येते.

कार्ड येईपर्यंत गाडी चालवायची कशी, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर 'डिजिलॉकर' आणि 'एम-परिवहन' यांत आहे. २०१८ मध्ये नियमांत झालेल्या बदलानंतर या माध्यमांतील प्रमाणपत्र दाखवणे मूळ प्रमाणपत्राप्रमाणेच ग्राह्य आहे. मोबाइलमध्ये प्रमाणपत्राचे नुसते छायाचित्र ठेवणे आणि डिजिलॉकरमधून प्रमाणपत्र दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याचा आधार दुसरीला आहे.

कर्ज असलेली गाडी

गाडीवर बँकेचा किंवा वित्त कंपनीचा बोजा असेल, तर दुय्यम प्रतीच्या अर्जापूर्वी त्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. कर्ज देणाऱ्याला डावलून दुसरे प्रमाणपत्र काढता येऊ नये आणि त्यावर गाडी परस्पर विकली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. या ठिकाणी बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक तरतूद मालकाच्या बाजूने आहे. कलम ५१ नुसार अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत वित्तपुरवठादाराने ना-हरकत द्यायची किंवा नकाराची कारणे लेखी कळवायची असतात. सात दिवसांत दोन्हींपैकी काहीच केले नाही, तर ना-हरकत दिली आहे असे कायदा मानतो. मात्र त्यासाठी आपण अर्ज कोणत्या दिवशी दिला, याची पोच हातात हवी. तोंडी विनंतीला येथे किंमत नाही.

कर्ज फिटूनही प्रमाणपत्रावर बोजाची नोंद तशीच राहिलेल्या गाड्याही असंख्य आहेत. शेवटचा हप्ता भरला म्हणजे नोंद आपोआप निघाली, असे होतेच असे नाही. बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ आरटीओकडे सादर करून बोजा उतरवून घ्यावा लागतो. दरम्यान वित्त कंपनी बंद पडली वा दुसरीत विलीन झाली, तर हे काम फार किचकट होते. म्हणून कर्ज फिटल्यावर लगेच ते उरकावे.

पाटी हरवली, क्रमांक नव्हे

पावसात खड्ड्यातून गाडी जाताना पुढची पाटी निखळणे किंवा पार्किंगमध्ये कोणी ती काढून नेणे, हे प्रकार घडतात. अशा वेळी आता नवीन क्रमांक घ्यावा लागणार, अशी धास्ती वाटते. तसे नसते. नोंदणी क्रमांक गाडीला दिलेला असतो, पाटीला नव्हे. नव्या पाटीवर जुनाच क्रमांक येतो.

पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्ध्या तासात पाटी रंगवून मिळत असे. त्याच सोयीमुळे ४१४१ चे 'दादा' आणि २१४ चे 'राम' करणाऱ्या पाट्यांचा सुळसुळाट झाला. नियमांप्रमाणे पाटीवर इंग्रजी अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंकच हवेत, तेही ठरलेल्या आकारात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजेच एचएसआरपी, कारखान्याकडूनच मिळू लागली. त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवणे महाराष्ट्रात सक्तीचे करण्यात आले. त्यासाठी राज्याचे तीन विभाग पाडून तीन कंपन्यांना काम देण्यात आले. दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि मोटारीला ७४५ रुपये, अधिक जीएसटी, असे दर ठरले. मार्च २०२५ ची मुदत नंतर वारंवार वाढवावी लागली, यावरून कामाचा व्याप लक्षात येईल.

ही पाटी अॅल्युमिनियमची असते. डाव्या बाजूला अशोकचक्राचे होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात देशाचे संक्षिप्त नाव आणि लेसरने कोरलेला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. पाटी बसवण्याचे कुलूप एकदा काढले, की मोडते आणि पुन्हा वापरता येत नाही. मोटारीच्या समोरच्या काचेवर आतून लावायचे स्टिकर ही 'तिसरी पाटी' समजली जाते. त्यावर फिकट निळा रंग असल्यास पेट्रोल किंवा सीएनजी आणि नारिंगी असल्यास डिझेल, असे दुरूनही ओळखता येते. लेसर क्रमांक संगणकात त्या गाडीच्या नावे चढवलेला असतो. त्यामुळे पाटी हरवल्यावर तिच्यासारखी दिसणारी पाटी बाजारातून आणून लावणे म्हणजे नोंदीशी न जुळणारी पाटी लावणे होय.

पाटी हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास प्रथम पोलिसांत तक्रार नोंदवावी. त्या तक्रारीची प्रत घेऊन जुन्या गाडीच्या मालकाने परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून, आपल्या आरटीओच्या सांकेतांकानुसार नेमलेल्या कंपनीकडे बदली पाटीची मागणी करावी. २०१९ नंतरच्या गाडीसाठी अधिकृत विक्रेत्याकडे जावे. पाटी केवळ वाकली किंवा तुटली असेल, तर पोलिसांची गरज नसते, मात्र जुनी पाटी बसवणाऱ्या केंद्रात जमा करावी लागते. ती घरी ठेवू नये आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये. नव्या पाटीसाठी पैसे भरताना संकेतस्थळाचा पत्ता तपासून पाहावा. एचएसआरपीच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून लोकांना फसवण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. शोधयंत्रात वरच्या क्रमांकावर दिसणारी जाहिरात म्हणजे सरकारी दुवा नव्हे.

पाटीची तक्रार तातडीने का द्यायची, याचे कारण ई-चलनाच्या काळात अधिक गंभीर झाले आहे. चौकातील कॅमेरा चालकाला ओळखत नाही, तो पाटी वाचतो. तुमची हरवलेली पाटी दुसऱ्या गाडीवर चढली, तर सिग्नल तो तोडणार आणि चलन तुम्हाला येणार. त्या गाडीने अपघात केला, तर पोलीस प्रथम तुमच्या दारात येणार. अशा वेळी तक्रारीवरील तारीख आणि वेळ हाच तुमचा साक्षीदार असतो. मात्र तक्रारीची प्रत ही पाटीची जागा घेऊ शकत नाही. नवी पाटी लागेपर्यंत गाडी घरी ठेवणेच इष्ट.

मालक हयात नसेल तर

जुन्या गाड्यांच्या संदर्भात आणखी एक अडचण वारंवार येते. वडिलांच्या नावावरची स्कूटर मुलगा चालवत असतो. वडील जाऊन काही वर्षे झालेली असतात. नूतनीकरणाची वेळ येते आणि अर्जावर सही कोणी करायची, हा प्रश्न उभा राहतो. मृत व्यक्तीच्या नावे नूतनीकरण होत नाही. आधी वारसाच्या नावे हस्तांतर व्हायला हवे. मालकाच्या निधनानंतर तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवल्यास वारसाला तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा असतो. मृत्यू दाखला, वारसाहक्काचा पुरावा आणि इतर वारसांची संमती येथे लागते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु उशीर होईल तसतशी सह्यांची जमवाजमव अवघड होते. एक बहीण परगावी, एक भाऊ परदेशी, अशी स्थिती होते. २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्रावर नामनिर्देशन करण्याची सोय आहे. बँकेच्या खात्याला जसा वारस नेमतो, तसा गाडीलाही नेमता येतो. घरातील ज्येष्ठांच्या नावावर गाडी असेल, तर ही नोंद आजच करून घेणे हिताचे.

गाडी विकली असल्यास उलट बाजूने हाच नियम लागू होतो. पैसे हातात आले आणि किल्ली दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात, गाडी अनेक हातांतून गेली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जाईल, असे स्पष्ट केले. म्हणून विक्रीनंतर नमुना २९ व ३० भरून नाव बदलले गेले, याची स्वतः खात्री करावी.

नकार मिळाल्यास

तपासणीत गाडी नापास झाली, तर दोष दूर करून ती पुन्हा नेता येते. नोंदणीचे नूतनीकरण नाकारण्यात आले, तर कलम ४५ नुसार त्याचा कारणांसह लेखी आदेश मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे, आणि कलम ५७ नुसार त्यावर तीस दिवसांत अपील करता येते. 'होणार नाही' एवढे खिडकीवरचे उत्तर ऐकून परतू नये. नम्रपणे लेखी कारण मागावे.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होत असेल, तर तिला निरोप देणेच योग्य. तोही रीतसर असावा. परवानाधारक वाहन निष्कासन केंद्रात गाडी दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते, आणि नोंदणी रद्द करून घेता येते. अनोळखी भंगारवाल्याला चेसिस व पाट्यांसह गाडी देणे म्हणजे आपले नाव दुसऱ्याच्या हाती देणे आहे.

सरतेशेवटी एक छोटीशी सूचना. आज घरी गेल्यावर कपाटातील ती पिशवी उघडावी. प्रमाणपत्र आहे ना, ते पाहावे. वैधतेची तारीख, पत्ता आणि बोजाची नोंद या तीन ओळी वाचाव्यात. मोबाइल क्रमांक जुना असेल तर बदलावा आणि मुदतीच्या साठ दिवस आधीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. या कामाला दहा मिनिटे पुरतात. अपघात झाल्यावर, गाडी चोरीस गेल्यावर किंवा घरातील कर्ता माणूस गेल्यावर हीच पिशवी उघडायची वेळ आली, तर त्या दहा मिनिटांची किंमत काय होती, हे तेव्हा कळते.